दुपट्ट्याखालचा हात

प्रश्न विचारण्याचा पगार सरकार मला देत असे. पण शिरपूरच्या शाळेत मास्तर होतो तोवर प्रश्न विचारले ते उकंडाजींनी, आणि डोकं खाजवत बसलो तो मी. त्यांच्याच घरातली पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. शाळेतून आलो की ओट्यावर ते बसलेलेच असायचे.

"गुर्जी, बैल पानी पेताना डोये मिटते. काहून?"

मी काहीतरी ठोकून द्यायचो. त्यावर लगेच दुसरं काहून. तिसऱ्या काहूनपाशी माझं सगळं शिक्षण संपायचं आणि मी "जेवायचं आहे" म्हणून खोलीत सटकायचो. शाळेत पोरांनी एक प्रश्न जास्त विचारला तर डोळे वटारणारा माणूस मी, मला हा घरमालक मिळावा हा देवाचा न्यायच म्हणायचा.

आपल्या नावालाही त्यांनी सोडलं नव्हतं. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. आमच्या वऱ्हाडात अशी नावं गावोगाव आहेत. उकंडाजी म्हणायचे, "यमाले घरातलं दिसते, रानातलं दिसते, अन् उकंड्यावरचंच दिसत नाई, ते काहून?" एवढं म्हणून ते आपल्याच नावावर खो खो हसायचे.

धंदा गुरांच्या बाजारातल्या दलालीचा. त्या काळी, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी, केनवडच्या बाजारात बैलाचा भाव कोणी तोंडानं बोलत नसे. विकणारा शेतकरी एकीकडे, घेणारा व्यापारी, ज्याला आमच्याकडे हेडी म्हणतात, तो दुसरीकडे, आणि मध्ये दलाल. दलालानं हेडीचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घ्यायचा, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. अमकं बोट दाबलं की अमका आकडा, दोन बोटं मिळून दाबली की तमका. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव कळायचा तो दोघांनाच. शेवटी पूर्ण मूठ आवळली की सौदा पक्का. मग तो बापाला बाप म्हणण्याइतका पक्का, दुपट्ट्याखाली दिलेला शब्द कोणी फिरवायचा नाही.

या कामात उकंडाजींचा हात पंचक्रोशीत नावाजलेला होता. मोठा, कोरडा, स्वच्छ हात. बाजाराच्या आदल्या दिवशी ते नखं काढायचे, तळव्याला तेल चोळून राखेनं धुवायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या हातात द्याचा हाये. तोंड धुतल्याबिगर कोनाशी बोलता का तुमी?"

सवय अशी अंगात मुरली होती की आकडा म्हणून काही तोंडातून निघतच नसे. शेजारच्या शेठजींच्या दुकानात गूळ घ्यायला गेले तरी शेठजींचा हात दुपट्ट्याखाली ओढायचे. शेठजी जैन, स्वभावानं शांत, तेही हसून बोटं दाबून घ्यायचे. जेवताना अजून किती भाकरी हव्यात हेसुद्धा ते बायकोच्या, भागामायच्या, बोटांना सांगत. भागामाय हात झटकून म्हणायची, "तोंडाले काय लकवा मारला का?"

हे वाक्य तिनं किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. पुढे मात्र कधीच म्हटलं नाही.

थंडीचे दिवस होते. सकाळी अंगणात चूळ भरताना उकंडाजींच्या हातातला तांब्या पडला आणि मागोमाग ते पडले. अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली होती ती काही दिवसांत सुटली आणि तिनं पहिला शब्द उच्चारला तो "काहून?" हाच. पाय ओढत का होईना, ते चालू लागले. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला, जणू दुसऱ्या कोणाचा तो सांभाळायला दिला होता.

मग एक दिवस त्या हाताची बोटं आखडली. कोपर वाकलं, मनगट खाली झुकलं, अंगठा आत जाऊन वर चार बोटांची मूठ वळली. घरात आनंदीआनंद झाला. हातात जीव आला म्हणून भागामायनं गल्लीत साखर वाटली. मीही खाल्ली. चार दिवसांनी लक्षात आलं की मूठ वळली आहे, पण उघडत नाही. भागामायनं दोन्ही हातांनी बोटं ओढली तरी नाही.

मग उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागली. कोणी निरगुडीचा पाला बांधा म्हटलं, कोणी चिंधीचा चेंडू दाबत बसा म्हटलं. तालमीतला एक पहिलवान रोज येऊन मूठ जोरानं उघडायला लागला. तो गेला की हात आणखी घट्ट. एका जाणत्यानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. शेजारी शेठजींच्या माळ्यावर कबुतरांची वस्ती, त्यांना ते रोज ज्वारी टाकत. शेठजींचा चेहरा उतरला. पण उकंडाजींनी जाणत्यालाच धरलं.

"कबुतरच काहून? कोंबडी काहून नाई?"

"पयल्यापासून तसंच हाये, बाप्पा."

"तं मंग राहू द्या. ज्याले काहून सांगता येत नाई त्याचं औषद म्या घेत नाई."

शेठजींनी त्या दिवशी भागामायकडे बदामाची पुडी पाठवली आणि वाशिमच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले आहेत, त्यांना दाखवा, असा निरोपही पाठवला. दमणी जुंपली. मला बरोबर घेतलं, कारण डॉक्टर कोकणातले आणि त्यांची मराठी उकंडाजींना भराभर कळायची नाही, अशी भागामायला धास्ती. मी दुभाषा म्हणून गेलो खरा, पण तिथे मला कोणी तोंड उघडू दिलं नाही.

डॉक्टर लिमये तरुण, बुटके, आणि बोलताना चष्मा पुसत राहणारे. त्यांनी उकंडाजींची मूठ हातात घेतली आणि झटक्यानं ओढून पाहिली. मूठ टणक झाली. मग त्यांनी मनगट आणखी थोडं खाली वाकवलं, आधी अंगठा हळूहळू बाहेर काढला, आणि बोटांना अगदी सावकाश, बोलत बोलत, उलगडत नेलं. तळवा उघडला. आत पांढरा पडलेला, घामानं कुजकट वास येणारा तळवा. कित्येक दिवसांनी दिसलेल्या त्या तळहातावरून उकंडाजींनी डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"आता काहून उघडला? तुमी जोर तं कमी लावला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटतं, असा प्रश्न विचारणारा रोगी त्यांना तोवर भेटला नसावा. त्यांनी एक रबरी हातोडी घेतली आणि उकंडाजींच्या मनगटाजवळ टिचकी मारली. हात टुणकन उडाला.

"तुम्ही उडवलात?"

"नाई जी. त्यानंच उडी घेतली."

"तेच. स्नायू घाईनं ताणला की तो आपसूक आवळतो. सगळ्यांचाच आवळतो, माझाही. फक्त माझा थोडा, तुमचा फार."

"मंग माह्या हातात ताकद हाये का नाई? लोक म्हनते ताकद गेली. माही बायको दोन हातानं वढते तरी उघडत नाई. गेलेल्या ताकदीचा एवढा जोर?"

"ताकद वेगळी आणि हा ताठरपणा वेगळा," डॉक्टर म्हणाले. "हे बघा, मेंदू हाताला नुसतं 'कर' म्हणत नाही. 'पुरे, सोड' असंही म्हणत असतो, दिवसभर, आपल्याला न कळता. तुमच्या डोक्यात इजा झाली, तिथून दोन्ही हाका बंद पडल्या. 'कर' नाही, म्हणून तुम्हाला हात हलवता येत नाही. 'पुरे' नाही, म्हणून तो आपला आवळून बसतो."

उकंडाजींनी डोळे मिटले. बैल घ्यायचा की नाही हे ठरवताना ते असेच डोळे मिटत.

"म्हंजे बैल हायेत, गाडी हाये. धुरकरी झोपला."

"झोपला असेल तर जागा होईल. मेला असेल तर नाही. थोडा झोपलाय, थोडा मेलाय, असं धरून चाला."

"किती जागा होईन?"

"ते मला माहीत नाही."

"मंग कोनाले माहीत हाये?"

"कोणालाच नाही."

मला वाटलं, आता उकंडाजी उठणार. पण त्यांचा चेहरा असा खुलला की मी पाहतच राहिलो. मला म्हणाले, "गुर्जी, इतके आले, कोनी म्हनलं नाई का मले माहीत नाई म्हनून. हा मानूस खरा हाये."

डॉक्टरांनी उपाय सांगितले ते साधे होते. पहिलवान बंद, चेंडू बंद. कोमट पाण्याचा शेक, मग मूठ सावकाश उघडायची, आधी अंगठा, मग बोटं. तळवा कोरडा ठेवायचा. झोपताना फळीच्या तुकड्यावर हात उघडा बांधून ठेवायचा. आणि मग त्यांनी जरा थांबून आणखी एक गोष्ट सांगितली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हाताच्या मज्जातंतूत स्पिरिटची सुई देतात. मूठ सैल पडते.

"मंग?"

"मग सैलच. कुजणार नाही, दुखणार नाही, सदऱ्यात हात घालता येईल. पण आवळण्याचा जो काही जोर आज आहे तोही जाईल. बोटं दाबता येतील असं मी म्हणणार नाही."

भागामाय माझ्याकडे पाहू लागली, मी खिडकीकडे. उकंडाजींनी डाव्या हातानं खांद्यावरचा दुपट्टा ओढला, डॉक्टरांच्या हातावर टाकला आणि आपल्या डाव्या हातानं त्यांची बोटं दाबत दाबत केनवडचा सगळा बाजार त्यांना समजावून दिला. डॉक्टर लहान पोरासारखे रंगले. दोन बैल त्यांनी तिथल्या तिथे विकत घेतले, बहुधा महागात. मग म्हणाले, "अहो, पण डाव्या हातानं उत्तम जमतंय की तुम्हाला! मग उजव्याचा एवढा घोर कशाला?"

उकंडाजी दचकले. भागामायनं पदर तोंडाला लावला.

"डाक्टरसाहेब, तुमी पाहुने, म्हनून तुमाले चालते. बाजारात डाव्या हातात कोन हात देईन? तो हात कायले असते ते तुमाले सांगू का?"

डॉक्टर लाजले. बराच वेळ चष्मा पुसून म्हणाले, "मग सुईची घाई नको. आधी दाबणं किती परत येतं ते पाहू. आलं तर सुईही नको."

दमणीत बसल्यावर उकंडाजी मला एवढंच म्हणाले, "लोकाइनं हातात हात देला पायजे गुर्जी. बाकी खाऊ घालाले भागी हाये."

त्या दिवसापासून त्यांनी आपल्या हाताचीच पारख सुरू केली, बाजारात नव्या बैलाची करत तशी. थंडीत घट्ट होतो, उन्हात सैल. घाई केली की घट्ट. राग आला की? हे तपासायचं ठरलं. एके सकाळी ते भागामायला म्हणाले, "मले शिव्या दे."

"आज कोनता सन हाये?"

"दे तं खरं. हात काय करते पाहू."

भागामायनं आधी आढेवेढे घेतले. मग तिला संसार आठवत गेला, आणि तिनं जे तोंड सोडलं ते शेठजी दुकानातून बाहेर आले तरी थांबेना. माझ्या देखत ती मूठ आवळत आवळत, कोपर वाकत, छातीपर्यंत वर चढली. उकंडाजी आनंदानं ओरडले, "बस, बस! समजलं!" भागामाय म्हणाली, "अजून लय बाकी हाये." आणि तिनं उरलेलं पूर्ण केलं.

पण खरी गंमत जांभईची. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या त्यांना जांभई आली आणि तो मेलेला उजवा हात आपणहून मांडीवरून उचलला गेला, बोटं सैल पडली. जांभई संपली, हात खाली, मूठ बंद. उकंडाजींनी मला शाळेतून बोलावून घेतलं. मी पोरांना पाढे लावून आलो, तर जांभई येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा दमणी जुंपली.

डॉक्टर म्हणाले, असं होतं असं त्यांनी वाचलं आहे, पाहिलेलं मात्र नाही. मग काय! दवाखान्यातली रांग तशीच ठेवून डॉक्टर, कंपाऊंडर, मी, असे तिघे उकंडाजींच्या समोर बसलो आणि त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो. जांभई मागून येत नाही. शेवटी डॉक्टरांनी उगाच एक खोटी जांभई दिली. ती कंपाऊंडरला खरी लागली, त्याची मला, माझी दारातल्या म्हातारीला. सगळा दवाखाना जांभया देऊ लागला, आणि सर्वांत शेवटी उकंडाजींनी आ केला. हात उठला, बोटं उलगडली. डॉक्टरांनी टाळी वाजवली.

"काहून?" उकंडाजींनी जांभईतूनच विचारलं.

"जांभईची हाक मेंदूतल्या दुसऱ्या वाटेनं येत असावी. ती वाट तुमची शाबूत आहे. असावी, म्हणतो. खात्री नाही."

"म्हंजे जुना रस्ता खचला, पन गाडवाट चालू हाये."

"हो. पण त्या वाटेनं तुम्हाला मनाला येईल तेव्हा जाता येत नाही."

उकंडाजींना याचं दुःख होण्याऐवजी आश्चर्यच वाटत राहिलं. परतताना सारा रस्ता ते डोकं हलवत होते. माझ्या अंगात इतकं दूरवरचं काहीतरी राहतं आणि मला पत्ताच नव्हता, असं काहीतरी पुटपुटत होते.

उन्हाळाभर सराव चालला. शेक झाला की दुपट्ट्याखाली भागामायचा हात, ती कंटाळली की माझा. आधी नुसती थरथर कळायची. मग एक बोट दाबल्यासारखं व्हायचं. सावकाश विचारलं तर सावकाश उत्तर यायचं. पहिल्यांदा त्यांनी माझं बोट ओळखू येईल असं दाबलं तेव्हा मला खरोखर भरून आलं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी काहून विचारलं असतं.

आणि शाळेला सुटी असताना ते मला घेऊन केनवडच्या बाजारात गेले. उजवा हात दुपट्ट्यात झाकलेला. आजार झाल्यापासून तो त्यांनी बाजाराला दाखवला नव्हता. लोकांना एवढंच माहीत की उकंडाजी आजारी होते, आता पाय ओढतात.

मेडशीचा एक तरुण शेतकरी बैल घेऊन आला होता. जोडीतला एक साप चावून मेला होता, उरलेला विकून त्याला नवी जोडी करायची होती. घेणारा दाऊदभाई. हा हिंगोलीकडचा, मोगलाईतला म्हणजे निजामाच्या मुलखातला हेडी. दांडगा, मेहंदी लावलेल्या दाढीचा, उकंडाजींशी कैक वर्षं हुज्जत घातलेला. दोघं समोरासमोर उभे राहिले. दुपट्टा पडला. उकंडाजींच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण कपाळावरचा घाम मला दिसत होता. बोलणं चालू होतं, सावकाश. दाऊदभाईनं मान हलवली, आणखी काही दाबलं, आणि मग प्रत्येक हेडी करतो ते त्यानं केलं: भाव पटत नाही, निघालो मी, असं दाखवायला हात झटक्यानं मागे ओढला.

त्या झटक्यानं मूठ आवळली. पूर्ण.

दाऊदभाईचे डोळे चमकले. "सौदा पक्का!" तो मोठ्यानं म्हणाला. भोवतीच्या लोकांनी ऐकलं. मेडशीच्या पोरानं विचारलं, "कितीत गेला, दादा?" उकंडाजींचा चेहरा पाहून मला कळलं की दाऊदभाईनं शेवटी दाबलेला भाव फार खालचा होता आणि मूठ त्या भावावर आवळली होती.

गप्प राहिले असते तर पोराचा बैल मातीमोल गेला असता, पण उकंडाजींच्या हाताची किंमत राहिली असती. रोग आहे असं सांगितलं तर बैल वाचणार, पण पुढे कोणी त्या हातात हात देणार नाही. माझ्या मनात आलं, गप्प राहा. मी स्पष्टच सांगतो, परक्या पोराच्या बैलापेक्षा मला त्या क्षणी उकंडाजी जवळचे होते.

त्यांनी डाव्या हातानं दुपट्टा ओढून काढला.

वाकलेलं मनगट, फुगलेल्या शिरा, आणि त्या मुठीत अडकलेला दाऊदभाईचा हात सगळ्या बाजारानं पाहिला. दुपट्ट्याखालचे हात असे उघड्यावर पाहायची कोणाला सवय नव्हती. काही जणांनी तर नजरच वळवली.

"दाऊद, वढ हात."

दाऊदभाईनं ओढला. मूठ आणखी आवळली.

"जोरानं वढ!"

"अरे, हड्डी तोड़ेगा क्या मेरी!"

"आता वढू नोको. उभा राह्य."

बाजार थांबला. थोड्या वेळानं बोटं आपसूक ढिली पडली आणि दाऊदभाईनं हात सोडवून चोळायला सुरुवात केली.

"पाह्यलं?" उकंडाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्या नाई आवयला. हा आवयते. हा माह्या आयकन्यात नाई. दाऊद, सौदा झाला नाई."

"ऐसा था तो पहले बोलना था ना, उकंडाजी," दाऊदभाई म्हणाला. आवाजात राग होता, पण फार नाही. तो वळून निघून गेला. बैल पोराकडे राहिला, आणि दुपारी दुसऱ्या दलालानं तो नीट भावानं विकून दिला.

उकंडाजींची वाहवा खूप झाली. असा सच्चा माणूस होणे नाही, वगैरे. लोकांनी चहा पाजला, तंबाखू दिली. हात मात्र कोणी दिला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढच्या बाजारांतही नाही. वाहवा करायला लोकांचं काय जातं! मला त्यांचा फार राग आला, आणि उकंडाजींचाही आला.

पुढे वाशिमला गेलो तेव्हा सुईचा विषय मीच काढला. आता दलाली तर संपली, मग निदान हात सैल तरी करून घ्या. डॉक्टरही म्हणाले, मुंबईला माझ्या ओळखीचे आहेत, मी सगळी व्यवस्था करतो. भागामायनं हात जोडले. त्या मुठीचा घाम पुसून, फळीवर बांधून तीच थकली होती. उकंडाजींनी डोळे मिटले.

"सुई देल्यावर मंग तो जांभईले उठन का?"

"बहुतेक नाही."

"शिव्या देल्यावर चढन?"

"नाही. स्वस्थ पडून राहील."

"तं नोको. अजून मले याचं पुरतं समजलं नाई, डाक्टरसाहेब. त्याले गप्प करून टाकला तं इचारू कोनाले?"

भागामायनं कपाळावर हात मारला आणि फळी बांधायची पट्टी धुवायला घेतली.

मग माझी बदली मेडशीला झाली. शिरपूर फार दूर नव्हतं, पण बदली झालेला मास्तर कुठे परत जातो! भागामायचा निरोप अधूनमधून यायचा: हाताचं जमते, प्रश्न तेवढेच हाये.

दोनएक वर्षांनी केनवडच्या बाजारात काही कामासाठी गेलो होतो. दिवस कलला होता, बाजार उठत होता, गुरांच्या खुरांची धूळ खाली बसत होती. निंबाखाली उकंडाजी दिसले. दलाली नसली तरी ते दर बाजाराला येऊन तिथे बसतात, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. वाळले होते. दाढी वाढली होती. आणि त्यांच्या शेजारी, जमिनीवर मांडी घालून, दाऊदभाई बसला होता. दोघांच्या मध्ये दुपट्टा पसरलेला. दाऊदभाईचा दुपट्टा. त्याखाली दोघांचे उजवे हात.

मी जवळपास बैल शोधला. दावणी रिकाम्या होत्या.

"उकंडाजी, काय विकता?"

"अरे, गुर्जी!" त्यांनी हात न काढता मान वर केली. "बैल कुठचा. हा इचारून राह्यला कसा हायेस म्हनून. मी सांगून राह्यलो."

"बहुत धीरे बोलते ये," दाऊदभाई म्हणाला. "एक बात पूछो तो शाम होती."

त्याचे साथीदार गुरं हाकत हिंगोलीच्या रस्त्याला लागले होते. त्यांनी दोनदा हाक मारली. दाऊदभाई उठायला गेला असावा, कारण दुपट्टा हलला आणि उकंडाजींचा चेहरा एकदम वरमला. मूठ आवळली होती.

"दाऊद, तुहे ढोरं गेले ना पुढं."

"जाने दो," दाऊदभाई म्हणाला. त्यानं हात ओढला नाही. पाय लांब केले, निंबाला पाठ टेकली आणि मूठ सुटायची वाट पाहत बसून राहिला.